एकाच स्पिंडलचं बेअरिंग दोनदा बदललं: सोलापुरातल्या एका जुन्या मिलिंग मशीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं हे वर्कशॉप दहा-बारा माणसांचं आहे. काम बहुतेक यंत्रमागाचं: टॉवेलच्या मागाचे कॅम, डॉबीचे ब्रॅकेट, शाफ्टवरचे की-वे (चावी बसायच्या खाचा). गाळपाचा हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या पंपांची थोडी कामं येतात. मालक दुसऱ्या पिढीचे. त्यांच्या वडिलांनी एका बंद पडलेल्या गिरणीच्या वर्कशॉपमधून लिलावात एक मिलिंग मशीन घेतलं होतं. ते आजही त्या शेडमधलं सगळ्यात भरवशाचं मशीन समजलं जातं, आणि हे प्रकरण त्याचंच आहे.

मशीन ब्रिजपोर्ट, टरेट पद्धतीचं. हा नमुना मूळ अमेरिकेतला. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ साली पहिलं मशीन तयार झालं. पुढे इंग्लंडमध्ये लेस्टरच्या ॲडकॉक अँड शिप्ली कारखान्यातही ही मशीनं बनू लागली. आपल्याकडच्या मशीनच्या नावपट्टीवर लेस्टरच आहे.

पुढचं सगळं स्पिंडलच्या रचनेवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी सांगतो. कटर धरून फिरणारा दांडा म्हणजे स्पिंडल. तो एका नळीत बसतो, तिला क्विल म्हणतात. क्विलच्या खालच्या टोकाला ७२०७ नंबरची दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात आणि वरच्या टोकाला ६२०६ हे साधं बॉल बेअरिंग असतं. ७२०७ चं माप ३५ बाय ७२ बाय १७ मिलिमीटर. खालच्या या दोन ७२०७ च्या मध्ये दोन स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्या, असतात. एक आतल्या रिंगांच्या मध्ये, दुसरा बाहेरच्या रिंगांच्या मध्ये. जोडी कारखान्यातच अशी घासलेली असते की दोन्ही स्पेसर अगदी समान लांबीचे असतील आणि नट आवळला, तर गोळ्यांवर जेवढा दाब हवा तेवढाच येतो. हाच प्रीलोड. आतला स्पेसर दोन-चार शंभरांश मिलिमीटर आखूड झाला तर नट आवळताना आतल्या रिंगा जास्त जवळ येतात, गोळ्या दाबल्या जातात आणि बेअरिंग तापतं. बाहेरचा आखूड झाला तर उलटं होतं, स्पिंडल सैल पडतो.

मशीनवर काम करणारे कारागीर पूर्व भागातले. घरी तेलुगू, वर्कशॉपमध्ये मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पंचवीस वर्षं ते याच मशीनवर उभे आहेत. मी मशीन दुरुस्तीचं काम करतो आणि या प्रकरणात दुसऱ्या टप्प्याला आलो. पहिल्या टप्प्याची हकिगत अण्णा, मालक आणि मालकांचा मुलगा या तिघांकडून ऐकून, आणि काढून ठेवलेले जुने भाग पाहून लिहिली आहे.

अडचण

दिवाळीनंतर अण्णांच्या लक्षात आलं की ८ मिलिमीटरच्या कटरनं काढलेला की-वे ८.०६ भरतोय. चावी सैल बसू लागली. एंड मिलनं सपाट केलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवलं की बारीक लाटा लागायच्या. वरच्या वेगात आवाज घरघरता. "मालक, आवाज बदललाय बगा," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मालकांनी लगेच मनावर घेतलं, ते योग्यच केलं. पण त्या दिवशी कुणीही डायल (बारीक हालचाल मोजणारं गेज) लावली नाही. टेपरच्या (स्पिंडलच्या तोंडातल्या निमुळत्या भोकाच्या) आत स्पिंडल किती मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग, फेकतो (फिरताना डोलतो), खाली टेस्ट बार (तपासणीचा सरळ दांडा) लावून किती फेकतो, पहारीला लाकडाचा तुकडा लावून रेटल्यावर किती हलतो, यातला एकही आकडा कुठे लिहिलेला नाही. त्यामुळे नंतर सुधारणा किती झाली हे ठरवताना सुरुवातीचा बिंदूच हातात नव्हता.

पहिली दुरुस्ती

डिसेंबरमध्ये एका ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. गावातल्या बाजारातून ७२०७ ची दोन बेअरिंगं आणली. किंमत दोन हजारांच्या आत. नंबर जुळला, माप जुळलं, म्हणून बसवली. पण नंबरच्या पुढची अक्षरं कुणी वाचली नाहीत. ती बी प्रकारची होती, म्हणजे ४० अंश संपर्ककोनाची. पंप आणि गिअरबॉक्सच्या थ्रस्टसाठी, म्हणजे अक्षाच्या दिशेच्या जोरासाठी, हा कोन उत्तम, पण अशा स्पिंडलला साधारण १५ किंवा २५ अंशांचा कोन लागतो. शिवाय ती एकेकटी वापरायची बेअरिंगं होती. जोडीनं बसवायच्या बेअरिंगच्या दोन्ही रिंगांच्या कडा एका पातळीत घासलेल्या असतात. यांच्या नव्हत्या. म्हणजे प्रीलोड किती येईल हे नशिबावर.

अचूकतेचा वर्गही साधा होता. ३५ मिलिमीटर बोअरच्या साध्या वर्गाच्या बेअरिंगला आतली रिंग १५ मायक्रॉनपर्यंत फेकायची मुभा असते, पी-४ या अचूक वर्गाला ४ मायक्रॉनची. साध्या वर्गाच्या पेटीवर हे लिहिलेलं नसतं आणि काउंटरवर कुणी विचारतही नाही.

जुनं बेअरिंग काढताना मेकॅनिकला आतल्या स्पेसरच्या तोंडावर घासल्याचे काळपट डाग दिसले. त्यानं तो स्पेसर लेथवर धरून "हलकासा हात" मारला. किती घेतला ते मोजलं नाही. आत-बाहेरचे स्पेसर शेजारी ठेवून ताडून बघितले नाहीत. मग बेअरिंग स्टोव्हवर तापवलं, पाइप लावून हातोडीनं ठोकून बसवलं आणि ग्रीस काठोकाठ भरलं.

पहिल्याच दिवशी क्विलचं तोंड वीस मिनिटांत हात लागणार नाही इतकं तापलं. "नवीन आहे, घासून बसेल," असं मेकॅनिकचं म्हणणं पडलं. तीन आठवड्यांत आवाज आधीपेक्षा मोठा झाला. तेव्हा जानेवारी होता, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागलेली, निम्मे कामगार रजेवर. मशीन तसंच बंद ठेवलं.

त्या मेकॅनिकला दोष देऊन मला हे प्रकरण संपवायचं नाही. पाण्याच्या पंपाला बसवायचं असतं तर त्याची पद्धत चालून गेली असती. बेअरिंग म्हणजे बेअरिंग असंच आपल्याकडे शिकवलं जातं. स्पिंडलचं बेअरिंग म्हणजे रिंगा, स्पेसर आणि नट मिळून एकच माप असतं, हे कुणी शिकवत नाही.

मला बोलावल्यावर: आधी मोजमाप

फेब्रुवारीच्या शेवटी मी गेलो. मालकांची अपेक्षा होती की मी लगेच उघडेन. मी अर्धा दिवस फक्त मोजलं, आणि ते थोडे नाराज दिसले. टेपरच्या आत लिव्हर डायल लावून स्पिंडल हातानं फिरवला: १८ मायक्रॉन. टेस्ट बार लावून तोंडापासून १५० मिलिमीटरवर: ५० मायक्रॉन. मग क्विल लॉक करून आणि लॉक सोडून तीच मापं पुन्हा घेतली. कारण क्विल तिच्या घरात ढिली असेल तर बाहेरून लक्षण तेच दिसतं आणि बेअरिंग उगाच बदललं जातं. लॉक सोडून क्विल १०० मिलिमीटर खाली आणली तर २० मायक्रॉनचा डोल होता. तो घराच्या झिजेचा. वेगळा लिहून ठेवला.

मग मालकांना विचारलं, डिसेंबरमध्ये काढलेली जुनी बेअरिंगं कुठे आहेत? ती भंगारात गेली असतील अशी माझी खात्री होती. पण अण्णांनी ड्रॉवरमधून एका शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यात ठेवलेली जोडी काढून दिली. बाहेरच्या रिंगेवर आरएचपी या ब्रिटिश कंपनीची खूण, आत तपकिरी बेकेलाइटचा पिंजरा. अचूक वर्गाच्या बेअरिंगला असा पिंजरा असतो. ही जोडी गिरणीच्या काळातलीच असावी.

जुन्या बेअरिंगनं काय सांगितलं

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच होता.

जोडीतलं खालचं बेअरिंग धुऊन हातानं फिरवलं, तर ते गुळगुळीत. थोडं सैल, पण आवाज नाही. वरचं फिरवलं, तर बोटाला खडखड लागली, आणि तीही सारख्या अंतरावर. ते फोडलं. आतल्या रिंगेच्या वाटेवर भिंग धरलं, तर फिकट, गोल, चकाकणारे ठसे. गोळ्या जितक्या तितके ठसे, एकमेकांपासून समान अंतरावर. झिजेचा पट्टा असा दिसत नाही. स्पिंडल थांबलेला असताना वरून जोरात घाव बसला की गोळ्या रिंगेत रुततात आणि असे ठसे उमटतात.

घाव कुठून आला, हेही त्याच बेअरिंगनं सांगितलं. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत स्पिंडलवर खालून येणारा जोर, म्हणजे ड्रिल मारतानाचा, खालचं बेअरिंग घेतं. वरून खाली जाणारा जोर वरचं घेतं. खालचं चांगलं आणि वरचं ठशांनी भरलेलं, म्हणजे घाव माथ्यावरून.

मशीनच्या माथ्यावर ड्रॉबार असतो. कटर धरणारी निमुळती पकड म्हणजे कोलेट; ड्रॉबार हा लांब बोल्ट तिला टेपरमध्ये वर ओढून धरतो. कोलेट सोडवायचं तर ड्रॉबार थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हलकी टिचकी द्यायची असते. आर-८ कोलेटचा टेपर साधारण १७ अंशांचा असतो. मोर्स टेपर जेमतेम तीन अंशांचा, म्हणून तो घट्ट चिकटतो. आर-८ ला एवढं चिकटायचं कारण नाही. पण इथे ड्रॉबार लांब पान्यानं गच्च आवळायची सवय, टेपरमध्ये कूलंटचा चिकटा, आणि मशीनच्या डोक्याजवळ कायम ठेवलेला दीड किलोचा हातोडा. दिवसातून आठ-दहा कोलेट बदल, आणि अशी कितीतरी वर्षं.

अण्णांना हे सांगायचं कसं, यावर मी घरी जाऊन विचार केला. पंचवीस वर्षं मशीन सांभाळणाऱ्या माणसाला "तुमच्यामुळे बेअरिंग गेलं" असं चारचौघांत म्हटलं असतं तर त्यांचा हात मशीनवरून मनानं उठला असता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातात रिंग आणि भिंग दिलं, बाकी काही बोललो नाही. त्यांनी बराच वेळ ती फिरवून पाहिली. ठसे बोटानं मोजले. मग डब्यातल्या गोळ्या मोजल्या. आकडा तोच आला. वर पाहून म्हणाले, "हातोड्याचं हाय हे. माझ्याच हातचं." मग उठून हातोडा खाली उतरवून कपाटात ठेवला.

समोरचे पर्याय

चार पर्याय होते. पहिला, कमी वेगात ढकलत राहायचं. तो लगेच बाद झाला, कारण की-वे सैल भरतो तो वेगामुळे नाही.

दुसरा पर्याय मालकांच्या मुलाचा. तो डिप्लोमा करून आलेला, हुशार. त्याचं म्हणणं, मशीन भंगारात द्या आणि ही कामं बाहेरच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) करून घ्या. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण कामाची जात त्यानं धरली नव्हती. मागवाला सकाळी तुटलेला एक कॅम घेऊन येतो आणि त्याला तो संध्याकाळी हवा असतो, कारण त्याचा माग बंद पडलेला असतो. व्हीएमसीवाला एका नगासाठी प्रोग्राम करायला बसत नाही, रांगेत उभं करतो. या वर्कशॉपची भाकरी त्या तातडीवर आहे. मुलानं दोन ठिकाणी फोन करून वेळ विचारली आणि स्वतःच पर्याय मागे घेतला. हे त्याला दुसऱ्या कुणी पटवून दिलं नाही, याचं मला समाधान वाटलं.

तिसरा पर्याय जुन्या मशीनच्या बाजारातून आख्खं हेड आणायचा. पण त्या हेडचं बेअरिंग कुठल्या अवस्थेत असेल, हे हेड आणून उघडेपर्यंत कळणार नव्हतं.

चौथा: पी-४ वर्गाची, १५ अंश कोनाची, हलक्या प्रीलोडची जुळवलेली जोडी आणून नीट बसवायची. पुण्याच्या विक्रेत्यानं सोळा हजारांच्या आसपास किंमत सांगितली. साध्या जोडीच्या आठपट. मालक गप्प झाले. मी त्यांना पैशांऐवजी मापं दाखवली: स्पेसर दुरुस्त होणार असेल आणि स्पिंडल सरळ असेल, तरच हे पैसे घाला, नाहीतर नको. हा निर्णय आपण दोन पायऱ्यांत घेऊ.

काय केलं

क्विल बाहेर काढून स्पिंडल मोकळा केला, व्ही-ब्लॉकवर ठेवून बेअरिंगच्या जागांवर फिरवला आणि टेपरच्या आत डायल लावली: ४ मायक्रॉन. म्हणजे टेपर चांगला होता. मुलाचा आग्रह होता की स्पिंडल उघडलाच आहे तर टेपर ग्राइंड करून घेऊ. मी नको म्हटलं. टेपरमधल्या ओरखड्यांचे उभार तेलदगडानं हलके उतरवले, तेवढं पुरे. चांगल्या पृष्ठभागावर ग्राइंडरचा दगड फिरवणं म्हणजे मूळ कारखान्याचं काम पुसून आपलं ठेवणं. मोडकं नसेल तर ते करायचं नाही.

स्पिंडलवरची बेअरिंगची जागा ३५.००२ मिलिमीटर भरली. पी-४ बेअरिंगचं बोअर ३५.००० ते ३४.९९४ असतं. म्हणजे २ ते ८ मायक्रॉनची घट्ट बैठक. हवी तशी.

मग स्पेसर. सरफेस प्लेटवर दोघे शेजारी उभे करून डायल फिरवली. आतला ३५ ते ४० मायक्रॉन आखूड, आणि तोही एका बाजूला तिरका, कारण लेथच्या जबड्यात त्याचं तोंड समांतर राहिलं नव्हतं. म्हणजे डिसेंबरमधली जोडी अंगभूत माप नसलेली, आणि वर स्पेसरनं ती आणखी आवळली गेली. भरीला ग्रीसनं काठोकाठ भरलेली. यातल्या कशानं किती ताप वाढवला हे आता वेगळं काढता येत नाही, कारण तिन्ही गोष्टी एका दिवशी झाल्या होत्या.

नवा स्पेसर करायचा, की दोन्ही घासून एकसारखे करायचे? नवा करायचा तर कडक करून, ग्राइंड करून घ्यावा लागला असता. दोन्ही एकसारखे करणं सोपं होतं. चिंचोळीतल्या एका टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडर आहे. तिथं दोन्ही स्पेसर मॅग्नेटिक चकवर शेजारी ठेवून एकाच सेटिंगमध्ये, दगड न हलवता, दोन्ही बाजूंनी घासून घेतले. शेवटच्या दोन फेऱ्या नुसत्या ठिणग्या संपेपर्यंत. परत आल्यावर फरक २ मायक्रॉनच्या आत. लांबी सांगायची झाली तर मूळपेक्षा जवळजवळ पाच शंभरांश मिलिमीटर कमी झाली होती. म्हणून क्विलच्या तोंडाची टोपी बाहेरच्या रिंगेवर टेकते की आधीच क्विलवर टेकते, हे फीलर गेजनं पाहिलं. फट शिल्लक होती, म्हणजे रिंग नीट आवळली जाणार. हे पाहिल्याशिवाय जोडी बसवली असती तर बाहेरच्या रिंगा मोकळ्या राहायचा धोका होता.

इतकं झाल्यावर मालकांनी बेअरिंगची ऑर्डर दिली. जोडी पाच आठवड्यांनी आली. मधल्या काळात मशीनच्या पट्ट्याची पुली, मोटरचे बेअरिंग आणि वरचं ६२०६ पाहून घेतलं. ६२०६ पण नवीन घातलं, कारण उघडलेल्या स्पिंडलला त्या किमतीत कंजुषी करण्यात अर्थ नाही.

बसवणी

बसवायचा दिवस मे महिन्यात आला. सोलापूरचा मे म्हणजे बेचाळीस अंश सहज, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मापाचा मूळ संदर्भ २० अंशांचा असतो. इथे वीस अंश मिळणार नव्हते, पण सगळे भाग सारख्या तापमानाला आणता येणार होते, आणि तेवढं पुरतं. स्पिंडल, क्विल, स्पेसर आणि न उघडलेली बेअरिंगची पेटी आदल्या रात्री मालकांच्या ऑफिसच्या खोलीत एका टेबलावर ठेवली आणि पहाटे पाचला काम सुरू केलं.

खोली निवडण्याचं दुसरं कारण रुई. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालतात, त्यांची तूस हवेत तरंगत असते आणि दाराच्या फटीतून येऊन प्रत्येक तेलकट वस्तूवर बसते. एक धागा बेअरिंगमध्ये गेला की ग्रीसमध्ये फिरत राहतो. टॉवेलच्या गावात पुसायला कापड शोधावं लागलं, कारण इथलं प्रत्येक फडकं धागे सोडतं. शेवटी मालकांच्या घरून एक जुनी, पुष्कळदा धुतलेली सिंथेटिक साडी आली. तिचे तुकडे अगदी उत्तम चालले.

नव्या जोडीच्या बाहेरच्या रिंगांवर व्ही आकाराची एक रेघ दोन्ही बेअरिंगवरून ओढलेली होती. ती जुळली की जोडी ज्या स्थितीत घासली त्याच स्थितीत बसते. आतल्या रिंगांवर उंच जागेचा ठिपका होता. स्पिंडलची उंच बाजू मी आधी डायलनं शोधून मार्करनं खूण केली होती. बेअरिंगचे दोन्ही ठिपके त्या खुणेच्या विरुद्ध बाजूला ठेवले, म्हणजे दोन्ही चुका एकमेकींना खातात.

बेअरिंग तापवायला शंभर वॉटचा बल्ब घातलेला पत्र्याचा डबा वापरला. थर्मामीटर आत. ८५ अंशांवर थांबलो. खोली ३५ अंशांवर होती, म्हणजे ५० अंशांची वाढ, आणि ३५ मिलिमीटरच्या रिंगेला २१ मायक्रॉनची फुगवण. बैठकीच्या घट्टपणाच्या दुपटीहून जास्त. बेअरिंग हातातल्या हातमोज्यातून सरकून जागेवर जाऊन बसलं, हातोडी लागलीच नाही. अण्णा शेजारी उभे होते. "एवढं हलकं?" असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच त्यांच्या लक्षात राहिलं.

गार झाल्यावर सिरिंजनं ग्रीस भरलं, मोकळ्या जागेच्या साधारण पाव हिस्सा, गोळ्यांच्या मधोमध. नट आवळला, सोडला, पुन्हा आवळला, म्हणजे रिंगा जागेवर बसतात. प्रत्येक वेळी डायल पाहिली. शेवटी वॉशरची जीभ वाकवून नट बंद केला.

मशीनवर चढवून सगळ्यात हळू वेगात वीस मिनिटं. थांबून क्विलच्या तोंडाचं तापमान. मग पुढची पायरी. एका पायरीवर ५३ अंशांपर्यंत गेलं, मी वेग न वाढवता तिथंच थांबलो. अर्ध्या तासात ते उतरून ४९ वर स्थिरावलं. ग्रीस वाटेवरून बाजूला सरकल्याची ती खूण. तेव्हा शेड ३८ अंशांवर होती. सगळा वेग गाठायला दुपार झाली.

निकाल

टेपरमध्ये ५ मायक्रॉन. टेस्ट बारवर १५० मिलिमीटरला १२. पहिल्या दिवशी काढलेला ८ चा की-वे ८.०१ भरला, चावी हातानं बसली आणि हातानंच निघाली. पृष्ठभागावरच्या लाटा गेल्या. क्विलच्या घराची झीज मात्र तशीच आहे, तिचा इलाज वेगळा आणि महाग. अण्णांनी त्यावर कामाची रीत बदलली: क्विल शक्य तेवढी वर ठेवायची, लॉक करायची आणि उंची टेबल उचलून साधायची.

ड्रॉबारसाठी आता अर्धा किलोचा तांब्याचा हातोडा आहे. आवळायला आखूड पाना. कोलेट काढला की टेपर दर वेळी पुसायचा.

काय वेगळं करता आलं असतं

दिवाळीच्या आठवड्यातच डायल लागली असती आणि जुनं बेअरिंग फोडून पाहिलं असतं, तर हातोडा तीन-चार महिने आधी कपाटात गेला असता. डिसेंबरची बेअरिंगं जर योग्य प्रकारची आणि नीट बसवलेली असती, तरी कदाचित पाच-सात वर्षांत तीही अशीच ठशांनी भरली असती. म्हणून मला वाटतं की या प्रकरणात स्पेसर कापणं ही मोठी चूक आहे, पण घाव चालू ठेवून बेअरिंग बदलणं त्याहून मोठी ठरली असती.

स्पेसर बाहेर काढल्या काढल्या दोन्ही तारेनं एकत्र बांधून त्यांना चिठ्ठी लावली पाहिजे. आता मी हे प्रत्येक कामात करतो. तोंडावर डाग दिसला तर तेलदगडानं फक्त उभार उतरवायचा, लेथला द्यायचा नाही.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट: जोडीची ऑर्डर दिल्यावर मी क्विलचं बोअर मोजलं. ते ७२.००४ आणि जवळपास गोल निघालं, म्हणून चाललं. ते लंबगोल असतं तर मालकांचे सोळा हजार टेबलावर पडून राहिले असते. क्रम स्पिंडल, स्पेसर, बोअर आणि मग ऑर्डर असाच हवा होता. पैशांची पहिली पायरी मी मालकांना नीट समजावली, आणि त्यातला एक आकडा मीच उशिरा घेतला.

मापं लिहायची वही आता मशीनच्या बाजूच्या कपाटात असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अण्णा टेपरमध्ये डायल लावतात. मी नोव्हेंबरमध्ये गेलो तेव्हा सहा नोंदी होत्या. आकडे मला वाचता आले, बाजूची टिपणं तेलुगूत होती, ती त्यांनीच वाचून दाखवली. पाच, पाच, सहा, पाच, सहा, सहा. सहाव्या नोंदीसमोर लिहिलं होतं: पट्टा सैल, आवळला.